चार लिप्यांचे घर

ताश्कंद हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा एकाच घटनेमुळे. 10 जानेवारी 1966 रोजी भारत-पाकिस्तान करारावर तेथे सह्या झाल्या आणि ती रात्र सरण्यापूर्वीच लालबहादूर शास्त्री यांचे तेथेच निधन झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिलला, भूकंपाने या शहराचा मोठा भाग पाडला. आज पर्यटकाला दिसणारे ताश्कंद, म्हणजे रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, काँक्रीटच्या जाळीदार दर्शनी भिंती, हे पुष्कळसे त्या भूकंपानंतर उभारलेले सोव्हिएत नगर आहे. त्याच्या पोटात मातीच्या भिंतींचे काही जुने महल्ले अजून शिल्लक आहेत. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही अशाच एका महल्ल्यात आठ दिवस राहिलो.

'आम्ही' म्हणजे मराठी शिकवणारे दोन अध्यापक, घर एकच. आमच्यापैकी एकाला उर्दू लिपी वाचता येते. तारुण्यात गालिब मुळातून वाचण्याची हौस होती, तिचा हा अवशेष. दुसरीने पुण्यात दोन वर्षे रशियन भाषेचे वर्ग केले होते. लोकवाङ्मय गृहात अगदी स्वस्तात मिळणारी, गुळगुळीत कागदावरची सोव्हिएत पुस्तके मराठीतून वाचत जी पिढी वाढली, तिच्यातल्या काहींना ती भाषाही शिकावीशी वाटली. त्यांतली ती एक. एवढ्या भांडवलावर आपले त्या शहरात भागेल, अशी आमची समजूत होती. भागले, पण आम्ही योजले होते तसे नव्हे.

पहिल्या दिवशी अडचण आली ती लिप्यांची. एकाच रस्त्यावर औषधांच्या दुकानाची पाटी लॅटिन अक्षरांत, शेजारच्या चांभाराची सिरिलिकमध्ये, आणि तिसऱ्या दुकानावर दोन्ही. भाषा उझबेक की रशियन हे लिपीवरून ठरवता येत नाही, कारण उझबेकही सिरिलिकमध्ये लिहिली जाते. सिरिलिक अक्षरे नवख्याला फसवतात. रोमन 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' निघते, 'एच'सारखे दिसणारे 'न', 'सी'सारखे दिसणारे 'स'. 'रेस्तोरान' ही पाटी आमच्यातल्या उर्दूवाल्याने मोठ्या आत्मविश्वासाने 'पेक्टोपाह' अशी वाचली. ही चूक तेथे येणारा प्रत्येक परदेशी माणूस करतो, असे कळल्यावर त्याला थोडे बरे वाटले.

या गोंधळामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. उझबेक शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात असे. 1923 साली त्या लिपीत सुधारणा करून सर्व स्वर लिहिण्याची सोय करण्यात आली. 1929 साली ती लिपीच काढून लॅटिन आणली गेली. 1940 साली लॅटिनही गेली आणि सिरिलिक आली. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यावर 1993 साली पुन्हा लॅटिनचा कायदा झाला. 1995 साली त्या वर्णमालेतही फेरफार झाले. सिरिलिक पूर्णपणे थांबवण्याच्या मुदती पुढे पुढे जात राहिल्या आणि आज दोन्ही लिप्या शेजारी नांदतात. तरुण मुले लॅटिन सहज वाचतात. साठीपलीकडची माणसे सिरिलिकमधले पुस्तक शोधतात.

चोर्सूचा बाजार हा आमचा खरा भाषावर्ग ठरला. निळ्या घुमटाखालचा हा बाजार. नावाचा अर्थ चार दिशा किंवा चौक. उझबेक ही तुर्की कुळातली भाषा, तिचे व्याकरण आम्हांला परके; पण तिच्या शब्दकोशात फारसी आणि अरबी शब्द इतके आहेत, की बाजारात उभे राहिल्यावर ओळखीची माणसे वेषांतर करून हिंडत आहेत असे वाटू लागते. वेषांतराचा नियम एकदा सापडला की झाले. आपला दीर्घ 'आ' तेथे 'ओ'कडे झुकतो. बाजार हा 'बोझोर', नान म्हणजे 'नोन', किताब म्हणजे 'कितोब', दरवाजा म्हणजे 'दर्वोझा'. अनार 'अनोर' होतो, कांदा 'पियोझ'. अंजीर मात्र अंजीरच राहते, आणि कैचीही कैचीच. तो शब्द मुळात त्यांच्याच कुळाकडून आपल्याकडे आलेला, तेव्हा त्याला वेष बदलण्याचे कारण नव्हते.

सर्वांत आनंद झाला तो भाव विचारण्याच्या वाक्याने. 'नर्खी कंचा?' असे गिऱ्हाईक विचारत होते. 'कंचा' म्हणजे 'किती' हे शिकावे लागले. 'नर्ख' शिकावा लागला नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत धान्याचा 'निरख' येतो, तोच हा. आमच्या वर्गात हा शब्द आला की तळटीप द्यावी लागते. येथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी तो दर मिनिटाला वापरला जात होता.

ओळखीच्या शब्दांवर विसंबू नये, हा धडाही त्याच बाजारात मिळाला. 'सब्झी' मागितल्यावर विक्रेत्याने गाजरे पुढे केली, कारण तेथे त्या शब्दाचा अर्थ गाजर. 'किम्मत' हा शब्द ऐकून आम्ही किंमत सांगितली जाण्याची वाट पाहत राहिलो. त्या बाईंच्या लेखी 'किम्मत' म्हणजे महाग, आणि शेजारणीला त्या शेजारच्या दुकानाबद्दल काहीतरी सांगत होत्या. 'दफ्तर' ही वही. 'तक्लिफ' म्हणजे आमंत्रण. आमच्या यजमानीणबाईंनी संध्याकाळच्या चहाची 'तक्लिफ' दिली, तेव्हा आमच्यातला उर्दूवाला अजीजीने 'तकलीफ कशाला, तकलीफ कशाला' म्हणत राहिला. म्हणजे त्यांच्या कानी आमंत्रण नाकारतच राहिला. हा घोटाळा रशियनमधून निस्तरावा लागला.

रशियनचे स्थान समजायला आम्हांला वेळ लागला. पुस्तके वाचून गेलेल्या माणसाचा हिशेब सोपा असतो: रशियन ही साम्राज्याची भाषा, उझबेक ही मातीची, सबब पाहुण्याने 'स्पसीबा' न म्हणता 'रहमत' म्हणावे. आम्ही निष्ठेने 'रहमत' म्हणत होतो. बाजारात तिखट-आंबट गाजराची कोशिंबीर विकणाऱ्या एका कोरियन आजींनाही तसेच म्हटले. त्या हसल्या आणि 'पझालुस्ता' असे रशियनमध्ये उत्तरल्या. 1937 साली स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत अतिपूर्वेतील कोरियन लोकांना सरसकट उचलून मध्य आशियात आणून टाकले. त्यांच्या पुष्कळ वंशजांची घरची भाषा आता रशियनच आहे. चिनी कोबी सहज मिळेना म्हणून ती माणसे गाजराची कोशिंबीर करू लागली. तिलाही नाव पडले ते रशियन गाजरावरून, 'मर्कोव्चा'. त्या आजींना आमच्या 'रहमत'ने कोणता न्याय मिळणार होता?

टॅक्सीवाल्याने आणखी एक बाजू दाखवली. त्याचा थोरला मुलगा रशियात बांधकामावर होता. मुलगा शाळेत रशियन नीट शिकला नाही, म्हणून तिकडे त्याला हलके काम मिळाले, अशी बापाची खंत होती. धाकटीला त्याने रशियन माध्यमाच्या शाळेत घातले होते आणि शिवाय इंग्रजीची शिकवणी. 'उझबेक तर ती घरी बोलतेच,' असे तो म्हणाला. हे वाक्य आम्ही आमच्या गावात इतक्यांदा ऐकले आहे, की भाषांतराची गरजच पडली नाही.

ताश्कंदची भुयारी रेल्वे 1977 साली सुरू झाली; मध्य आशियातली ती पहिली. तिच्या स्थानकांत छायाचित्रे काढायला 2018 पर्यंत बंदी होती. दरवाजे मिटताना एक आवाज 'एहतियोत' राहायला सांगतो आणि पुढच्या 'बेकात'चे नाव घोषित करतो. अलीशेर नवाई या कवीच्या नावाचे स्थानक निळसर घुमटांचे आहे आणि त्याच्या भिंतींवर त्याच्या पंचकाव्यातली दृश्ये कोरलेली आहेत. हा नवाई 1441 ते 1501 या काळातला, हेरातचा. दरबारात प्रतिष्ठा फारसीची. तो स्वतः फारसीतही लिहीत असे. परंतु त्याने आपले मोठे काव्य चगताई तुर्कीत रचले. 1499 साली त्याने 'दोन भाषांचा न्यायनिवाडा' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात तुर्कीची बाजू मांडली. फारसीत ज्यांना नेमका प्रतिशब्द नाही अशा शंभर तुर्की क्रियापदांची यादीच त्याने दिली. तीत रडण्याच्या किती तऱ्हा! विद्यार्थ्यांना ही यादी सांगावी आणि मराठीत स्फुंदणे, मुसमुसणे, हमसणे, कण्हणे, टाहो फोडणे यांतला फरक विचारावा, असे आम्ही त्या फलाटावरच ठरवले. देशी भाषेत मोठा ग्रंथ रचू पाहणाऱ्याला आधी तिची बाजू मांडावी लागते, हे ज्ञानेश्वरांपासून आपल्यालाही परिचित आहे.

त्या शहरात नावांची उलथापालथ फार झाली. आजचे 'मुस्तकिल्लिक' म्हणजे स्वातंत्र्य चौकाचे स्थानक पूर्वी लेनिनच्या नावाचे होते. शहराच्या मधल्या बागेत एकेकाळी रशियन गव्हर्नर-जनरल कॉफमनचे स्मारक होते. पुढे तेथे स्टालिन आला, मग मार्क्स, आणि 1993 पासून घोड्यावर बसलेला तैमूर आहे. शब्दांचेही तसेच. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत रशियन वाटेने आलेले शब्द काढून नवे घालण्याची लाट आली. 'गझेता'ला 'रोझनोमा', विमानतळाला 'तय्योरागोह' असे शब्द सुचवले गेले. बरेचसे टिकले नाहीत.

आम्हांला यात गंमत दिसली आणि मग थोडे अस्वस्थ वाटले. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्द बाजूला करून संस्कृत शब्द सुचवले. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धनांसारखा फारसीचा पंडित, 1925 साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारा, 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. आपल्याकडे जो शब्द घुसखोर म्हणून दाराबाहेर काढायचा, तोच 'रोजनामा' तेथे घरचा म्हणून सन्मानाने आत आणायचा. शब्द तोच, दरम्यान कोणाचे राज्य होऊन गेले, एवढाच फरक. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना हिणवण्याचा येथे हेतू नाही. पराभूत झालेला समाज शब्दांची झाडाझडती घेतो, ती त्या वेळी त्याच्या हाती असलेली एकच गोष्ट असते म्हणून. तथापि, शब्द काढल्याने तुटते त्याहून लिपी बदलल्याने अधिक तुटते, हे आम्हांला कळायचे होते.

आमचा मुक्काम होता ते घर म्हणजे 'होव्ली'. शब्द आपल्या हवेलीचा भाऊ, पण येथे अर्थ साधा: मधले अंगण आणि भोवती खोल्या. अंगणावर द्राक्षांचा मांडव आणि त्याखाली चौरंगासारखा मोठा लाकडी मंच. घरच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवत. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना 'मादाम' म्हटले. त्यांनी ते थांबवून 'खोला' म्हणायला सांगितले. खोला म्हणजे खाला, मावशी. भाकरीएवढा गोल नोन त्या हाताने तोडून सर्वांपुढे ठेवीत. आमच्यातल्या एकाने तो एकदा चुकून उपडा ठेवला, तेव्हा काही न बोलता त्यांनी तो सुलटा केला. राज कपूरचा विषय निघायचा तो निघालाच आणि एकाच संध्याकाळीत संपलाही.

सातव्या संध्याकाळी आम्ही त्यांना सांगितले, की आज हुतात्म्यांचे स्मारक पाहून आलो. दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ, बोझसू कालव्याकाठी ते आहे. 4 ऑक्टोबर 1938 रोजी ताश्कंदमध्ये अब्दुल्ला कादिरी, चोल्पान आणि फितरत या तिघा लेखकांना गोळ्या घालण्यात आल्या. पहिली उझबेक कादंबरी लिहिणारा कादिरी त्यांतला एक. खोलांनी मान हलवली, आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या.

वही त्यांच्या आईच्या वडिलांची. ते कापडाचे लहान व्यापारी. अरबी अक्षरांतले काहीही घरात सापडणे धोक्याचे झाले तेव्हा लोकांनी पुस्तके कालव्यात सोडली, पुरली, भिंतींत लिंपली. ही वही भिंतीत गेली आणि तिच्याविषयी कोणी बोलले नाही. 1966 च्या भूकंपात ती भिंत पडली तेव्हा ती बाहेर आली. खोला तेव्हा शाळेत होत्या. त्यांच्या आईला ती वाचता येईना, कारण आई शिकली ती 1929 नंतरच्या लॅटिनमध्ये. महल्ल्यात एक म्हातारे गृहस्थ वाचू शकले असते, पण वडिलांची वही परक्याला दाखवायला आई धजली नाही. भीती अजून गेली नव्हती. पुढे ते गृहस्थही गेले. खोला स्वतः शिकल्या सिरिलिकमध्ये. शेजारी बसलेली त्यांची नात शिकते आजच्या लॅटिनमध्ये. आजीने सिरिलिकमध्ये लिहिलेली पाककृतींची वहीसुद्धा तिला अडखळत वाचावी लागते. चार पिढ्या, चार लिप्या, आणि भाषा मात्र एकच.

'एखाद्या संस्थेत का नाही नेली?' आम्ही विचारले.

'दुकानाचा हिशेब कोण वाचत बसेल?' त्या म्हणाल्या.

मग उर्दूवाल्याने वही हाती घेतली. अर्थ त्याला कळणे शक्यच नव्हते; अक्षरे मात्र कळत होती. 1923 नंतरच्या सुधारलेल्या पद्धतीने लिहिलेले असल्याने स्वरही दिसत होते. तो लहान मुलासारखा एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागला: यि-गिर्-मा. 'यिगिर्मा! वीस!' खोला ओरडल्या. पुढचा शब्द 'गझ'. हा दोन्ही बाजूंना कळला; आपला गज. त्यापुढे 'चित', म्हणजे छीट. वीस गज छिटाचे कापड. असे ते वाचन सुरू झाले. वाचणाऱ्याला समजत नव्हते आणि समजणाऱ्यांना वाचता येत नव्हते. रशियनवाली मध्ये बसून काय ठरले ते टिपत होती आणि नात ते सारे आपल्या लॅटिनमध्ये उतरवून घेत होती. चहा दोनदा निवला.

पानामागून पान हिशेबच निघाला. कोणाकडे किती उधार, किती वसूल. खोला म्हणाल्या होत्या तसाच. आम्हांला वाटले त्यांची निराशा झाली असेल, पण त्या प्रत्येक नावाशी थांबत: हा कोपऱ्यावरच्या घराचा आजा, हा न्हावी. वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब नव्हता. चार नावे होती आणि पुढे वर्षे. खालची तीन खोलांनी अक्षरे पुरी होण्याआधीच ओळखली. दोन मामा आणि त्यांची आई. सर्वांत वरचे नाव मुलीचे होते. ते आम्ही वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. आम्ही पुन्हा वाचले. ते नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. त्यापुढे दोन लहान शब्द होते: 'ओल्ती ओय'.

'सहा महिने,' नात म्हणाली.

'आई नेहमी सांगायची, मी थोरली,' इतकेच खोला बोलल्या. मग त्यांनी नातीला ते नाव सिरिलिकमध्ये लिहून द्यायला सांगितले. तिला ते एका अक्षरापाशी अडले, तेव्हा त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःच लिहिले. ती नावे आम्ही येथे देत नाही. ती त्या घरची आहेत.

त्या रात्री आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल आहे. पूर्वी दोन होते. 'आता हे कोण वाचणार' असे म्हणून एका काकांनी एक रुमाल हळूहळू बंबात घातला. अंघोळीचे पाणी त्यावर तापले. आम्ही तेव्हा लहान होतो, तरी त्या पाण्याने अंघोळ आम्हीही केली. आमच्यावर कोणी लिपीचा कायदा लादला नव्हता, भिंतीत लपवण्याची वेळ आणली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत शिकवली जाणारी मोडी आपण हातातून जाऊ दिली, आणि आम्ही दोघे तीस वर्षे मराठी शिकवूनही आमच्याच पणजोबांचे मराठी वाचू शकत नाही. खोलांना निदान वही जपण्याची बुद्धी झाली. दुसऱ्यांची वही वाचून देण्याचा मोठेपणा आम्ही मिरवून आलो होतो. आपल्या घरी मात्र आमची जागा खोलांची होती.

परतल्यावर आम्ही रविवारच्या मोडीच्या वर्गात नाव घातले. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. आमचे वाचन त्या अंगणात चालले होते तसेच चालते, एकेक अक्षर जोडत. फरक इतका, की येथे जोडलेला शब्द कळतो. प्रगती मंद आहे. उरलेल्या रुमालातून आजवर दोनच कागद पुरते लागले. एक पावती आहे. दुसऱ्यात जोंधळ्याचा निरख दिला आहे.